लाल शाई आणि जुनी वही

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा शाळेत द्यायला म्हणून मी लिहिलेले इंग्रजी पत्र तू आपल्या खोलीत नेलेस, दुसऱ्या कागदावर उतरवून काढलेस आणि उतरवता उतरवता सुधारलेस, हे मला कळले आहे. माझा मूळ कागद चार घड्या घालून तुझ्या दप्तराच्या तळाशी ठेवलेला सापडला. तू चुका काढल्यास याचे मला वाईट वाटले नाही. वाईट वाटले ते तुला हे लपवून करावेसे वाटले याचे. त्याचे कारण शोधू लागलो, तेव्हा ते तुझ्या इथल्या पहिल्या वर्षाच्या वहीत मिळाले.

आपण या देशात आलो तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. देवनागरी तुला घरीच वाचता येऊ लागली होती आणि एकदा अक्षर ओळखले की शब्द आपोआप तोंडात येतो, अशी तुझी पक्की समजूत होती. त्याच समजुतीने तू इंग्रजी वाचायला बसलीस. एस-ए-आय-डी हे तू ‘सैद’ वाचलेस, ओ-एन-ई हे ‘ओने’ वाचलेस, आणि ‘बिकॉज’ लिहिताना कानाला ऐकू आले तेवढेच घेऊन तो शब्द बी-आय-के-ओ-झेड असा पाच अक्षरांत उरकलास. पानापानावर मी लाल शाईने फुल्या मारल्या आहेत. एका पानावर तर ‘लक्ष कुठे असते?’ असेही लिहिले आहे. आज ती पाने पाहताना दिसते की लक्ष नव्हते ते माझेच. शब्दातला एकेक ध्वनी सुटा करून त्याला एकेक अक्षर देण्याचे अवघड काम तू बिनचूक केले होतेस. फक्त ते अशा भाषेत केले होतेस, जिच्यात सव्वीस अक्षरांना सुमारे चव्वेचाळीस ध्वनींचा भार वाहावा लागतो.

‘नाइट’ म्हणजे योद्धा, त्याच्या आरंभी के कशाला, असे तू विचारले होतेस आणि मी ‘पाठ कर’ म्हणालो होतो, कारण मलाही ठाऊक नव्हते. ते मी आता वाचले. तो के एके काळी उच्चारला जात असे, आणि मधले जी-एच हेही घशातून घासून येणाऱ्या, ‘ख’च्या जवळच्या एका ध्वनीसाठी होते. विल्यम कॅक्स्टन या मुद्रकाने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना घातला आणि पुढच्या काळात शब्दांची छापील रूपे हळूहळू ठरत गेली; पण त्याच शतकांत लोकांच्या तोंडातले दीर्घ स्वर आपली जागा सोडत होते. नाव या अर्थाच्या ज्या शब्दाला आज ‘नेम’ म्हणतात, त्यातला स्वर पूर्वी ‘आ’ होता, म्हणजे तो शब्द आपल्या ‘नाम’च्या बराच जवळ होता, आणि या दोन शब्दांचे मूळ नातेही आहे. उच्चार पुढे गेला, स्पेलिंग मागे राहिले. काही अक्षरे तर इंग्रजांच्या तोंडी कधी नव्हतीच: कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधला बी हा लॅटिन मूळ दिसावे म्हणून विद्वानांनी मागाहून बसवला, आणि ‘आयलंड’मधला एस निव्वळ गैरसमजुतीने आत शिरला. अशा शब्दांसाठी सहा वर्षांच्या मुलीला बोल लावणाऱ्या बापाला काय म्हणावे, ते तूच ठरव.

आपल्या लिपीचा मला अभिमान आहे, पण तीही तितकी सरळ नाही, हे इथे मान्य करतो. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च आपण सारखा लिहितो आणि वेगळा उच्चारतो. तो फरक तुला कोणी शिकवला नाही, तरी तू कधी चुकली नाहीस. आणि ‘बॅट’ व ‘बॉल’ यांतल्या स्वरांसाठी मराठीला अर्धचंद्र काढावा लागला, तोही इंग्रजी शब्द लिहिण्याची वेळ आली म्हणूनच.

तुझ्या बाईंनी मात्र त्याच वहीत तुझ्या बी-आय-के-ओ-झेडखाली फुली न मारता, बरोबर आलेल्या ध्वनींखाली बारीक रेघ ओढून शेजारी योग्य शब्द लिहिला होता. ते तेव्हा माझ्या नजरेतून सुटले.

आता तुझ्या दुरुस्त्यांविषयी. तू पाच ठिकाणी ‘द’ (टी-एच-ई) हा इंग्रजी शब्द घातला आहेस आणि दोन ठिकाणचा काढला आहेस. ‘दार उघड’ एवढे म्हटले की कोणते दार ते मराठीत प्रसंगावरून कळते, त्यामुळे हा शब्द कुठे हवा, हे मला इतक्या वर्षांनीही नियम आठवून ठरवावे लागते. तुला नियम सांगता येत नाही, पण वाक्य वाचताच काय खटकते ते कळते, कारण मी इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकातून शिकलो आणि तू ती वर्गात, मैत्रिणींच्या भांडणांत आणि गोष्टींच्या पुस्तकांत शिकलीस. त्या सातही ठिकाणी तुझेच बरोबर आहे. माझे ‘नम्र विनंती करतो’ हे वळण काढून तू तिथे साधा प्रश्न घातलास, ते मात्र मला अजून पटलेले नाही. शाळेला लिहिताना थोडा अदब असावा असे मला वाटते, आणि इंग्रजीत तो अदब प्रश्नातच असतो असे तुझे म्हणणे असेल, तर ते मला समोर बसून समजावून सांग.

या पत्रासोबत शाळेच्या सहलीविषयीच्या पत्राचा कच्चा मसुदा ठेवला आहे. तीन ठिकाणी ‘द’ घालावा की नाही हे मला ठरवता आले नाही, म्हणून तिथे जागा मोकळी सोडली आहे. लाल शाईचे पेन माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे. रविवारी सकाळी, माझ्या देखत, ते घेऊन बस.

तुझा,
बाबा