रीस्लिंगच्या बाटलीवर टेकडीचे नाव हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जगातील महागड्या वाइनविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. जर्मनीतील सार नदीच्या खोऱ्यातल्या एगोन म्युलर कुटुंबाच्या वाइनरीची त्यात दखल घेतली गेली, याचा आनंद झाला. त्यांच्या 2003 च्या ट्रॉकनबेरेनआउसलेझेच्या, म्हणजे वेलीवरच सुकलेल्या द्राक्षमण्यांपासून केलेल्या गोड रीस्लिंगच्या, एका बाटलीला 2015 मध्ये ट्रियर शहरातल्या लिलावात कर वगळून 12,000 युरो मिळाले, ही माहितीही बरोबर आहे. परंतु रीस्लिंग या पांढऱ्या द्राक्षाची वाइन ही गोड आणि म्हणून नवशिक्यांची वाइन आहे, आणि अशा बाटल्यांचे भाव निव्वळ नावलौकिकामुळे चढतात, असा जो सूर लेखात उमटला आहे तो मला पटत नाही. या वाइनचे मोल ती ज्या उतारावर पिकते त्यात आणि तो उतार पिढ्यानपिढ्या कसणाऱ्या माणसांत आहे. जर्मनीच्या कायद्यानेच हे नाते पन्नास वर्षे झाकून ठेवले, आणि वाचकांचा गैरसमज होतो त्याचे मूळही तिथेच आहे, असे माझे मत आहे.

विल्टिंगेन गावाजवळची शार्त्सहोफबर्ग ही टेकडी अवघी 28 हेक्टरांच्या आसपास आहे. तिच्या पायथ्याची शार्त्सहोफ ही इस्टेट पूर्वी ट्रियरच्या एका मठाची मालमत्ता होती. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ऱ्हाइन नदीचा पश्चिमेकडील प्रदेश फ्रान्सच्या ताब्यात गेला, मठांच्या जमिनी सरकारजमा होऊन विक्रीला निघाल्या आणि 1797 मध्ये जाँ-जाक कॉख यांनी शार्त्सहोफ विकत घेतले. आज हा मळा सांभाळणारे चौथे एगोन म्युलर हे त्यांचेच वंशज. मोझेल नदी आणि तिला मिळणारी सार यांच्या खोऱ्यांत सर्व मुलांमध्ये सारखी वाटणी करण्याची रीत असल्यामुळे मळ्यांचे तुकडे पडत गेले. अशा मुलखात एका कुटुंबाने टेकडीचा आठेक हेक्टरांचा भाग सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ राखला, ही साधी गोष्ट नव्हे. टेकडीच्या उरलेल्या भागात ट्रियरच्या कॅथेड्रलसह इतरांचेही मळे आहेत, आणि त्यांतल्या काहींची वाइन उत्तम असते, हेही नोंदवले पाहिजे.

त्या उतारावर माती अशी फारशी नाहीच. पायाखाली स्लेटच्या, म्हणजे पाटीच्या दगडाच्या, ठिसूळ चिपा असतात. चढताना त्या सरकतात आणि जोराचा पाऊस झाला की खाली वाहून जातात. पूर्वी त्या पाठीवरून वाहून पुन्हा वर नेऊन टाकल्या जात. हा दगड दिवसभराचे ऊन साठवतो, पाण्याचा निचरा करतो आणि मुळांना फटींमधून खोलवर जायला भाग पाडतो. इथल्या काही वेली अजूनही स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. फिलॉक्सेरा या किडीने एकोणिसाव्या शतकात युरोपातील द्राक्षमळे उद्ध्वस्त केल्यानंतर जवळजवळ सगळीकडे अमेरिकन खुंटांवर कलमे करावी लागली, हे लक्षात घेतले म्हणजे या जुन्या वेलींचे अप्रूप कळते. मोझेल-सारच्या पारंपरिक पद्धतीत तारांचा मांडव नसतो. प्रत्येक वेलीला स्वतंत्र खांब असतो आणि तिच्या दोन काड्या वाकवून खांबाला बांधतात, त्यामुळे काम करणाऱ्याला उतारावर आडवेही फिरता येते. छाटणी, बांधणी, खुडणी, सारे हाताने करावे लागते. सपाट जमिनीवर यंत्र जे काम थोडक्यात उरकते, त्यासाठी इथे माणसांना कित्येक पट अधिक वेळ राबावे लागते.

लिलावात गाजलेली ती वाइन कशी होते, हे लेखात आले असते तर किमतीचा उलगडा आपोआप झाला असता. ओलसर धुक्याच्या सकाळी आणि उन्हाच्या दुपारी असा शरद ऋतू लाभला तर बोट्रायटिस ही बुरशी द्राक्षाच्या सालीला सूक्ष्म छिद्रे पाडते, मण्यातील पाणी उडून जाते आणि साखर, आम्ल व सुगंध आटून राहतात. हवा बिघडली तर त्याच बुरशीने सारा घड सडतो. संपूर्ण घडातून पूर्ण सुकलेले, तपकिरी पडलेले मणीच तेवढे बोटांनी वेचून वेगळे काढायचे, आणि असे दिवसभर वेचूनही हाती फार थोडा रस लागायचा. सार ज्यात मोडते त्या मोझेल प्रदेशात ट्रॉकनबेरेनआउसलेझे या श्रेणीसाठी रसाची घनता, म्हणजे पर्यायाने साखर, ओक्सले मापावर किमान 150 अंश लागते. त्या दाट रसात यीस्टचा जीव मेटाकुटीला येतो, किण्वन महिनोन्महिने रेंगाळते, मद्यार्क थोडाच तयार होतो आणि गोडी शिल्लक राहते. या गोडीत साखर मिसळलेली नसते. तिच्या तोडीस तोड आम्ल असल्यामुळे ती जिभेवर चिकटत नाही आणि वाइन अनेक दशके टिकते. शिवाय अनेक हंगामांत ती होतच नाही.

आता कायद्याकडे वळतो, कारण माझ्या पत्राचा खरा मुद्दा तोच आहे. 1971 च्या जर्मन वाइन कायद्याने सुमारे 30,000 मळ्यांची नावे घटवून जेमतेम 2,600 च्या आसपास आणली. एवढ्या नावांत ग्राहक हरवून जाई, हे खरे आहे आणि काहीतरी सुटसुटीतपणा हवाच होता. पण त्याच कायद्याने ‘ग्रोसलागे’ नावाचे मोठे पट्टे निर्माण केले आणि त्यांना एखाद्या मळ्यासारखीच नावे दिली. सारच्या खोऱ्यातील अशा पट्ट्याचे नाव ठेवले शार्त्सबर्ग. परिणामी ‘विल्टिंगर शार्त्सबर्ग’ असे लिहिलेली, खोऱ्यातल्या कुठल्याही मळ्यातील द्राक्षांची स्वस्त बाटली आणि शार्त्सहोफबर्गची बाटली दुकानात शेजारी उभी राहिली, आणि दोन नावांमधील फरक ओळखण्याची जबाबदारी बिचाऱ्या ग्राहकावर पडली. हा निव्वळ योगायोग होता असे मानणे मला जड जाते.

दुसरा दोष याहून खोल होता. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे या वाइनच्या चढत्या श्रेण्या ठरवताना कायद्याने तोडणीच्या वेळी रसात किती साखर आहे एवढेच पाहिले. मळा कोणता, याला महत्त्व उरले नाही. मग लवकर पिकणाऱ्या, भरपूर साखर देणाऱ्या संकरित जाती सपाट जमिनीवर लावून ‘श्पेटलेझे’ हा मान कमी कष्टात मिळवता येऊ लागला. उशिरा पिकणारी रीस्लिंग खड्या उतारावर जपणाऱ्या शेतकऱ्याला त्याच शब्दाखाली, त्याच स्वस्त बाटल्यांशी भावात स्पर्धा करावी लागली. ‘जर्मन वाइन म्हणजे गोड आणि स्वस्त’ ही समजूत त्या काळात जगभर पसरली, आणि आपल्या लेखातही नकळत तीच उतरली आहे. म्युलर कुटुंबाला त्यांच्या नावाने तारले. ज्यांचे नाव नव्हते त्यांनी उतार सोडून दिले. 1990 च्या सुमारास मोझेल प्रदेशात 12,000 हेक्टरांहून अधिक द्राक्षमळे होते, ते आता 9,000 च्याही खाली आले आहेत.

हवामान बदलल्यामुळे साखरेचे ते माप आणखीच निरुपयोगी ठरले आहे. सारसारख्या थंड खोऱ्यात पूर्वी दशकातून मोजक्याच वर्षी द्राक्षे पूर्ण पिकत. म्हणून साखर हा पराक्रमाचा पुरावा मानणे तेव्हा तरी समजण्यासारखे होते. आता उन्हाळे इतके तापतात की साखर सहज भरते, आणि हलकी, तरतरीत, कमी मद्यार्काची काबिनेट साधणे हीच कसोटी होऊन बसली आहे. फुलोरा लवकर येतो, कोंब लवकर फुटतात, आणि मग उशिराच्या हिमदंवाचा घाव वर्मी बसतो. एप्रिल 2024 मध्ये सारच्या मळ्यांनी तो सोसला आहे. अशा काळात टेकडीची दिशा, उंची, वारा आणि दगड यांचे महत्त्व वाढते, आणि ते ग्राहकापर्यंत पोहोचवायला लेबलवर मळ्याच्या नावाखेरीज दुसरे साधन नाही.

2021 मध्ये जर्मनीने कायदा बदलून प्रदेश, गाव आणि मळा अशी मूळस्थानाची उतरंड स्वीकारली. व्हीडीपी या वाइन-उत्पादकांच्या संघटनेने आपल्या सदस्यांपुरती अशी व्यवस्था आधीच बसवली होती, त्यामुळे ही सुधारणा आकाशातून पडलेली नाही. तिचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु जुन्या मोठ्या पट्ट्यांची नावे रद्द न करता त्यांच्या आधी फक्त ‘प्रदेश’ या अर्थाचा शब्द जोडण्याची सक्ती केली गेली, हे मला अपुरे वाटते. शार्त्सबर्ग हे नाव शार्त्सहोफबर्गच्या इतके जवळ असताना एका जादा शब्दाने ग्राहकाची दिशाभूल थांबेल असे नाही. ते नाव लेबलवरून पूर्णपणे काढून टाकणेच योग्य झाले असते.

आपल्या पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहिले जाईल तेव्हा लिलावातील बाटलीऐवजी त्याच टेकडीवरच्या काबिनेटपासून सुरुवात व्हावी, अशी विनंती आहे. तिच्यात मद्यार्क साधारण आठ-नऊ टक्केच असतो, गोडी आणि आम्ल यांचा तोल सहज कळतो, आणि लेबलवर गावाचे नावसुद्धा न लिहिता केवळ ‘शार्त्सहोफबर्गर’ एवढेच का लिहिलेले असते, हे वाचकाला त्या निमित्ताने सांगता येईल.

कळावे.

आपला नम्र,
एक वाचक