‘दादा, यातलं सोपं मॅथ्स कुठलं?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बार्शीत कॉलेजच्या रस्त्यावर माझे झेरॉक्सचे आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे दुकान आहे. बारावीचा निकाल लागला की महिनाभर दुकानात पाय ठेवायला जागा नसते. नाव, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला इथपर्यंत सगळे भराभर होते. विषयांचे पान उघडले की माझा माऊस थांबतो. समोरचा पोरगा मागे उभ्या असलेल्या मित्राकडे बघतो आणि मग मला विचारतो, “दादा, यातलं सोपं मॅथ्स कुठलं?” मागे रांग असते, सर्व्हर कधी बंद पडेल याचा नेम नसतो. दोन मिनिटांत तीन-चार वर्षांचा निकाल लागतो.

२०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण संलग्न कॉलेजांतही आले. आता गणित मेजर म्हणजे मुख्य विषय म्हणून घेता येते, फिजिक्सवाल्याला मायनर म्हणजे जोडविषय म्हणून घेता येते. ओपन इलेक्टिव्ह म्हणजे निवडीचा पेपर तर आपल्या शाखेबाहेरचाच घ्यावा लागतो, म्हणून आर्ट्स-कॉमर्सच्या मुलांसमोरही गणिताचा एखादा पेपर येतो. वाटा वाढल्या हे चांगलेच. पण यादीत नुसती नावे असतात. ‘कॅल्क्युलस’ हे नाव बारावीच्या पोराला ओळखीचे वाटते आणि तो टिक करतो. मीही तेच केले होते.

२००७ साली बारावीला मला गणितात ८९ होते. इंटिग्रेशनची उदाहरणे मी कोडी सोडवावीत तशी सोडवायचो, म्हणून बी.एस्सी.ला गणितच घेतले. पहिल्या चाचणीत प्रश्न आला : कन्व्हर्ज होणारी प्रत्येक सिक्वेन्स बाउंडेड असते, हे सिद्ध करा. (म्हणजे एका ठरावीक संख्येच्या हवी तितकी जवळ जाणारी संख्यांची रांग कुठल्यातरी मर्यादेतच राहते.) मी एक सिक्वेन्स घेतली, तिच्या आठ-दहा संख्या मांडल्या आणि ‘म्हणून बाउंडेड’ असे लिहून मोकळा झालो. वीसपैकी चार. सरांनी लाल पेनाने लिहिले होते, ‘उदाहरण म्हणजे सिद्धता नव्हे.’ सरांचे बरोबरच होते. पण गणित म्हणजे आता हे, असे प्रवेश घेताना मला कुणी सांगितले नव्हते. सप्टेंबरात संख्याशास्त्राकडे जायचे म्हणून अर्ज घेऊन खिडकीवर गेलो, तर मुदत संपलेली. उरलेली वर्षे मी सिद्धता पाठ करून काढली. पेपरात ‘एन’च्या जागी ‘एम’ आला तरी घाम फुटायचा. (मी फॉर्म भरला त्याच महिन्यात, २९ जून २००७ रोजी, संख्याशास्त्रज्ञ प्रा. महालनोबिस यांच्या जन्मदिनी, देशात पहिला राष्ट्रीय सांख्यिकी दिन साजरा झाला होता. हे मला कळले ते पदवी हातात पडल्यावर!)

म्हणून काउंटरवर मी एक पुठ्ठा ठेवला आहे. त्यावर तीन प्रश्न आहेत. पहिला : एक्स वर्ग गुणिले साइन एक्स, याचे डेरिव्हेटिव्ह काढा. दुसरा : १, १/२, १/३, १/४… ही सिक्वेन्स शून्याकडे जाते हे सिद्ध करा. तिसरा : डेअरीतल्या चाळीस जणांच्या दुधाचे फॅट दिले आहे, सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेले आहेत ते) काढा आणि कुणाचा आकडा संशयास्पद वाटतो ते सांगा. बारावीत बहुतेक पहिल्या प्रकारचेच भेटते. मेजर गणितातही सुरुवातीला ते असते, पण रिअल ॲनालिसिस आणि ग्रुप थिअरी हे सिद्धतांचे पेपर आले की दुसऱ्याचेच राज्य. तिसरा संख्याशास्त्राचा. दुसरा वाचून बहुतेक पोरे म्हणतात, “हे तर दिसतंच की, सिद्ध काय करायचं त्यात?” एखादाच गप्प बसतो आणि “शून्याकडे जाते म्हणजे नेमकं काय?” असे विचारतो. त्याचे मेजर मी न विचारताच भरू शकतो.

अकरावीत गणित सोडून आता बीसीएला आलेली मुले वेगळी. त्यांना सेट, मॅट्रिक्स, लॉजिकची धास्ती असते. दहावीचे बीजगणित हाताखालून गेलेले असेल तर ते जमते, एवढेच मी सांगतो.

पण पुठ्ठा ठेवणे हे झेरॉक्सवाल्याचे काम आहे का? कॉलेजांनी प्रवेशाच्या दिवसांत प्रत्येक पेपरची मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका सूचना फलकावर लावावी. फार तर वीस-पंचवीस पाने होतील, झेरॉक्स मी फुकट काढून देतो. आणि पहिली चाचणी होईपर्यंत विषय बदलायची मुभा असावी, कारण त्याआधी कुणाला काही कळतच नाही.

परवा बी.ए.ला अर्थशास्त्र घेणारी एक मुलगी आली होती. गणित मायनर घ्यावे की नको, यावर वडिलांशी तिचा वाद चालला होता. तिने स्टुलावर बसून तिसरा प्रश्न सोडवला, दोन शेतकऱ्यांवर संशयही घेतला. दुसऱ्यापाशी मात्र अडली. तिचा फॉर्म अजून ड्राफ्टमध्येच आहे आणि पुठ्ठा ती घरी घेऊन गेली आहे.

आपला,
फॉर्म भरून देणारा एक दुकानदार,
बार्शी, जि. सोलापूर