मा. परिवहन मंत्री, खरं सांगणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे कुठला फॉर्म आहे?

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : जुन्या मोटारीच्या इंजिन बदलाची नोंद नाकारून 'मूळ इंजिन बसवावे' असे कळवल्याबाबत.

महोदय,

सादर नमस्कार. परवा मला एका परिवहन कार्यालयाकडून पत्र आलं. मजकूर असा : 'वाहनाच्या मूळ रचनेत बदल आढळल्याने अर्ज नामंजूर. मूळ इंजिन बसवून वाहन तपासणीस हजर करावे.' जे इंजिन फुटलं म्हणून बदललं, तेच परत बसवा असं शासनाने मला लेखी कळवलं आहे. कार्यालयाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण प्रश्न एका खिडकीचा नाही.

गाडी प्रीमिअर ११८ एनई, १९९० सालची, वडिलांनी कर्ज काढून घेतलेली. खंबाटकी घाटात ती तापली, हेड पॅकिंग उडालं, आणि इंजिन उघडल्यावर दोन सिलिंडरच्या मधून पाण्याच्या जॅकेटपर्यंत गेलेली चीर दिसली. बिडाचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धडच. भोसरीतल्या चांगल्या कारागिराकडून वेल्डिंग करून घेतलं, तापल्यावर ते परत उललं. मी टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस आहे, धातू कुठे थकला हे मला कळतं. तो ब्लॉक संपला होता.

दुसरं इंजिन शोधायला निघालो. नाना पेठेतल्या दुकानांतून पिस्टन, रिंगा, बेअरिंगं तेवढी मिळण्यासारखी होती, ब्लॉक कुठेच नाही. शेवटी एका भंगारवाल्याकडे एक इंजिन निघालं, त्याचा नंबर ग्राइंडरने घासून काढलेला. "तुमचा नंबर पंच करून देतो, पोटात कोणतं इंजिन आहे ते कोण बघतंय?" असं तो म्हणाला. कार्यालयाबाहेरच्या एजंटाचंही म्हणणं तेच : इंजिन कुठलंही बसवा, नंबर जुनाच ठोका, कागदाला हातच लावायला नको. मी दोघांनाही नाही म्हणालो. मंत्रिमहोदय, त्या नकाराची शिक्षा मी आज भोगतो आहे.

त्याऐवजी मी उलटलेल्या एका मारुती जिप्सीचं १२९८ सीसीचं, एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणीचं), सोळा व्हॉल्व्हचं इंजिन घेतलं. पक्क्या पावतीसकट. मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याच्या कागदासकट. हेच इंजिन का, तेही सांगतो, कारण आपल्या कार्यालयात हे मला कुणी विचारलंच नाही. त्याचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, म्हणजे बिडाच्या जुन्या इंजिनापेक्षा गाडीचं नाक जड होत नाही. जिप्सीत इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं आणि चार चाकांना ताकद वाटणारा ट्रान्सफर बॉक्स गिअरबॉक्सपासून वेगळा असतो, त्यामुळे तो सोडून गिअरबॉक्स थेट मागच्या प्रोपेलर शाफ्टला जोडता येतो. शाफ्ट नव्या लांबीचा करून बॅलन्स केला. इंजिनाची माउंटिंगं मी स्वतः काढलेल्या ड्रॉइंगवरून केली. ईसीएम (इंजिनाचा संगणक), ऑक्सिजन सेन्सर, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सगळं ठेवलं, एकही वायर तोडली नाही. ताकद वाढली म्हणून ब्रेकचा बूस्टर आणि मास्टर सिलिंडर नवे घातले. फ्लोअरचा सडलेला पत्रा कापून नवा बसवला. हे सगळं घराच्या पडवीत, चेन कप्पी टांगून, गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने केलं आहे. ग्रॅच्युइटीतला मोठा भाग त्यात गेला. बायकोने एकदाही हिशेब मागितला नाही, आणि परवाचं पत्र तिने माझ्या आधी वाचलं.

काम सुरू करण्यापूर्वी मी परवानगीचा लेखी अर्ज दिला होता. त्याला उत्तर आलं नाही. विचारायला गेलो तेव्हा साहेब म्हणाले, "बसवून घ्या, पावत्या घेऊन या, नोंद करून देऊ." ते साहेब बदलून गेले. नव्या साहेबांनी बॉनेट उघडायला सांगितलं नाही, ब्रेक दाबून पाहिला नाही, गाडीखाली वाकले नाहीत. स्क्रीनवर मेक, म्हणजे इंजिनाची कंपनी, जुळत नाही म्हणाले, संपलं. वर सर्वोच्च न्यायालयाचा ९ जानेवारी २०१९ चा निकाल दाखवला, की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. हा बदल विनापरवाना ठरला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, हेही ऐकवलं. म्हणजे मी आता गुन्हेगार होण्याच्या उंबरठ्यावर आहे, आणि नंबर ठोकून देणारा तो भंगारवाला निवांत आहे.

मूळ रचनेत बदलाला मनाई करणारं त्या कायद्याचं कलम ५२ मी वाचलं आहे. त्याच कलमात सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांचे किट बसवायला वाट ठेवली आहे. म्हणजे डिकीत गॅसची टाकी घालता येते, अख्खं इंजिन उपटून मोटर आणि बॅटऱ्या घालता येतात, पण पेट्रोलच्या जुन्या इंजिनाच्या जागी पेट्रोलचंच जास्त स्वच्छ इंजिन घालता येत नाही. याच्यामागचं शास्त्र मला कुणीतरी समजावून सांगा. पीयूसीचे आकडे आपलेच आहेत. माझ्या गाडीच्या काळातल्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो, बीएस ४ या नव्या धूर-मानकाच्या गाड्यांना ०.३. माझं आजचं इंजिन त्या ०.३ च्या आत बसतं. आणि कायदा मला दहापट धुराकडे परत जा म्हणतो!

ही गाडी तरी मूळची कशी आहे? १९८५ साली कंपनीने फियाट १२४ च्या बॉडीत निसानचं ११७१ सीसीचं इंजिन बसवूनच ती बाजारात आणली. काँटेसा वॉक्सहॉलची बॉडी, तिच्यात पुढे इसुझूचं इंजिन आलं. अँबेसेडरमध्येही इसुझू आलं. या देशातली एक पिढी इंजिन बदललेल्या गाड्यांतून फिरली. कंपन्यांनी चाचण्या दिल्या होत्या, असं आपण म्हणाल. अहो, मीही चाचणीच मागतो आहे! घ्या ना माझ्या गाडीची चाचणी. एआरएआय आमच्याच पुण्यात आहे, १९६६ पासून. वेताळ टेकडीवर रोज फिरायला जाणारे तिला एआरएआयची टेकडी म्हणतात. देशभरच्या गाड्या तपासणारी संस्था माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे, आणि एकट्या माणसाने घरी बांधलेली एक गाडी तपासून घ्यायची तर मला परवडेल असा रस्ता तिथे जात नाही. जर्मनीत तपासणी इंजिनीअर अशी एकेक गाडी बघून बदल कागदावर चढवतो. ब्रिटनमध्ये इंजिन बदललं की नोंदणीच्या कागदावर कळवायचं. तिथले रस्ते काही मोडून पडलेले नाहीत.

वयाचंही तसंच. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगाराच्या धोरणात. २०२२ पासून पुनर्नोंदणीचं शुल्क ६०० वरून ५,००० झालं, २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना ते १०,००० झालं. ग्रीन टॅक्स वेगळाच. उलट पन्नास वर्षं झाली की २०२१ च्या नियमांप्रमाणे तीच गाडी व्हिंटेज, तिला 'व्हीए'ची मानाची पाटी, पण रोज चालवायची नाही. पंधरा आणि पन्नास यांच्या मधली पस्तीस वर्षं तुमच्या लेखी काय आहेत? ज्यांच्याकडे पाच गाड्या आणि गॅरेज आहे त्यांनी जुनी गाडी जपावी, आणि ज्याच्याकडे एकच आहे त्याने ती भंगारात घालून हप्त्यावर नवी घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ मला लागतो. २०१८ सालीच पुण्यात नोंदलेली वाहनं छत्तीस लाखांवर, माणसांपेक्षा जास्त झाली. त्यात आणखी एकाची भर घालायची नाही म्हणणारा माणूस तुम्हाला नको आहे. एक टन पोलाद नव्याने बनवताना साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तो कुठल्याच पीयूसी केंद्रावर मोजला जात नाही.

आणि रस्त्यावर काय चाललंय? पाटी दिसत नाही इतके चिखलाने माखलेले डंपर सिंहगड रोडने दिवसाढवळ्या जातात. टँकरचे ब्रेक लागत नाहीत, माणसं मरतात, मालक सुटतात. बुलेटचे सायलेन्सर फोडून रात्री बारा वाजता पोरं फिरतात. या कुणाच्या स्क्रीनवर मेक जुळत नाही असं झाल्याचं मी ऐकलं नाही. त्यांचे कागद बिनचूक असतात, कारण ते करून देणारी माणसं फाटकाबाहेरच बसलेली असतात. लपवणाऱ्याला इथे सोय आहे. पावती घेऊन समोर येतो त्याला मात्र नियम दाखवले जातात. वाहनांपुरतं हे नाही. घराच्या नकाशात, सातबारावर, नळाच्या मीटरवर मी हेच बघत म्हातारा झालो.

कायदा केंद्राचा आहे हे उत्तर कृपया देऊ नका. नोंदणी प्राधिकारी राज्याचे आहेत आणि केंद्राला प्रस्ताव पाठवायला राज्याचे हात कुणी बांधलेले नाहीत. वैयक्तिक बदलाची प्रत्यक्ष तपासणी होईल अशी वाट काढा : माउंटिंग, ब्रेक, धूर, आवाज, वजन. शुल्क लावा, मी भरतो. नापास झालो तर गाडी स्वतः कापायला नेतो. परवानगीच्या लेखी अर्जाला मुदतीत लेखी उत्तर द्या. लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ सालीच झाला आहे, त्यात ही सेवा बसवा.

तोपर्यंत मूळ इंजिन बसवण्याचा आदेश स्थगित करा, कारण तो पाळणं शक्य नाही. फुटलेला ब्लॉक पडवीत ठेवला आहे. गाडी त्याच्याशेजारीच बंद उभी आहे, बॉनेटला कुलूप नाही. यंत्र कळणारा एक अधिकारी पाठवा. आधी कळवलंत तर इंजिन गरम करून ठेवतो, म्हणजे धूर लगेच मोजता येईल.

आपला,
एक निवृत्त टूलरूम फिटर,
एरंडवणे, पुणे

सोबत : इंजिनाची पावती, जिप्सीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद, माउंटिंगची ड्रॉइंगं, उत्तर न आलेल्या अर्जाची पोच.