महामार्गाच्या पलीकडचा दवाखाना

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "बीपीची गोळी संपून पाच दिवस झाले, बाबा पेठेत जातील तेव्हा आणतील." त्या रात्री मला झोप लागली नाही. ओट्याला धरून उभी राहिलीस, डोळ्यांपुढे अंधारी आली, ती उन्हाने नव्हे गं.

रागावून लिहीत नाहीये. नऱ्ह्याला येण्याआधी पुण्यात रास्ता पेठेत आपण इतकी वर्षं काढली, तिथे दवाखाना लांब असतो हे कधी जाणवलंच नाही. केईएम हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर, ताराचंद हॉस्पिटल तिथेच, ससूनही जवळ. शिवाय कोपऱ्यावर डॉक्टरकाका. भाजी घेऊन येताना पिशवी त्यांच्या बाकावर ठेवायचीस आणि दंडाला पट्टा बांधून घ्यायचीस. तपासायला म्हणून वेगळं जावंच लागायचं नाही.

ससून १८६७ सालचं. जुन्या शहराभोवती दवाखाने दाटले ते दाटलेच, माणसं मात्र कडेला सरकली. २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी २३. आपलं नऱ्हे त्या तेविसातलं. आधी इमारती उठल्या, मग पाण्याचे टँकर आले. दवाखान्याचा नंबर त्यानंतर.

बाबा, तुम्ही विचारलंत, किती माणसांमागे दवाखाना हवा याला काही नियम नाही का? आहे. २०१३ साली राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान सुरू झालं, त्यात शहरात साधारण ५० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र धरलंय. खेड्यात हाच आकडा ३० हजार आहे. म्हणजे गाव शहरात गेलं की एका केंद्राच्या वाट्याला जास्त माणसं येतात. आणि डोकी मोजायची कुठली, तर २०११च्या जनगणनेतली. आपली सोसायटी आहे तिथे तेव्हा शेत होतं.

मी दिवसभर नकाशेच करते. काल आपलं घर मधोमध धरून एक किलोमीटरचं वर्तुळ काढलं. सरकारी दवाखाना आत आला. कागदावर तुमची सोय झाली! पण तो आहे महामार्गाच्या पलीकडे. नवले पुलाच्या उतारावरून कंटेनर कसे येतात ते तुम्हीच मला दाखवलं होतंत. भुयारी मार्गाने जायचं तर वळसा, पायऱ्या, पावसाळ्यात घोटाभर पाणी. खरी वाट मोजली तर पावणेदोन किलोमीटर भरली, आणि बाबांचा गुडघा तर नकाशात कुठेच नाही. ऑफिसात मी हेच घसा फोडून सांगते, की वर्तुळं काढू नका, माणूस चालतो ती वाट मोजा. वेळही बघा. अभियानाच्या सूचनांत ओपीडी दुपारी १२ ते रात्री ८ असावी असं सुचवलंय, ते उगाच नाही. आपल्याकडे कामाला येणाऱ्या ताई सकाळची चार घरं सोडून रांगेत कशा उभ्या राहणार?

आता एक ऐका. उद्या रिक्षाने जा, पैशांकडे बघू नका. आईचं नाव तिथे नोंदवा. तिशीच्या वरच्यांचं बीपी आणि साखर सरकारी केंद्रात मोफत तपासतात. नेहमीच्या गोळ्या तिथून मिळतील का, तेही विचारून घ्या. वस्तीतल्या आशाताईंचा फोन नंबर आपल्या ताईंकडे असेल, तो भिंतीवर लिहून ठेवा. पेठेतल्या काकांना आपण भेटायला जाऊ, गोळ्यांसाठी नको.

मी शनिवारी पहाटेच्या बसने येतेय. उन्हं चढायच्या आत आपण तिघं घरापासून त्या दवाखान्यापर्यंत चालत जायचं, अगदी सावकाश. बाबा, गुडघ्याचा पट्टा बांधा. तुम्हाला जिथे जिथे टेकावंसं वाटेल, जिथे रस्ता ओलांडायला पाय धजणार नाही, तिथे मी नकाशावर खूण करून घेणार आहे. येताना रिक्षा करू.

तुमची,
मनू