मुलांनी ई-रीडर फोडले म्हणून योजना फसली, हे चूक आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा मुलांना घरी न्यायला ई-रीडर, म्हणजे फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र, देतात त्या योजनेवरचा तुमचा लेख परवा वाचला. वाचल्या वाचल्या लिहायला बसले असते तर भाषा घसरली असती म्हणून एक दिवस थांबले. लेखकाने मेहनत घेतलीय हे दिसतं, भाषाही चांगली आहे, पण शेवटी निष्कर्ष काय तर मुलांच्या हातात महागडी वस्तू घरी न्यायला दिली की ती फुटणारच आणि म्हणून असल्या योजना शाळांनी करूच नयेत. मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते. आमच्याकडे ही योजना सुरू झाली तेव्हा यंत्रांवर नंबर चिकटवणारी मीच होते आणि ती बंद पडली तेव्हा कपाटाला कुलूप लावायलाही मलाच सांगितलं गेलं, त्यामुळे ती कशाने बंद पडली ते मला चांगलं ठाऊक आहे.

आमच्याकडे सहावीत एक मुलगा होता. वाचनात मागे, म्हणजे बरोबरीची मुलं जाड पुस्तकं न्यायची तेव्हा हा लहान मुलांची चित्रांची पुस्तकं वहीत लपवून न्यायचा, कारण मुखपृष्ठ दिसलं की बाकीचे चिडवायचे. ई-रीडरला बाहेरून मुखपृष्ठच नसतं. कोण काय वाचतंय ते शेजारच्याला कळत नाही, आणि अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात, एका पानावर चारच ओळी दिसल्या तरी चालतं, अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की अर्थ समोर येतो. हा मुलगा दर शुक्रवारी यंत्र न्यायचा आणि सोमवारी आणून द्यायचा, मग हळूहळू स्वतःहून मागायला लागला की अजून असंच दुसरं काही आहे का. ग्रंथालयात काम करणाऱ्या माणसाला याच्याहून जास्त काय हवं असतं सांगा.

मग एका सोमवारी त्याने आणलेल्या यंत्राचा अर्धा पडदा गोठलेला. वरच्या अर्ध्या भागात आधीच्या पानाची अक्षरं तशीच चिकटून राहिलेली, खाली नुसत्या रेघा. मुलगा म्हणाला, मी पाडलं नाही, मी काहीच केलं नाही. बाहेरून ओरखडासुद्धा नव्हता. झालं, समितीच्या बैठकीत सगळ्यांनी ठरवून टाकलं की हा खोटं बोलतोय, नुसता पडदा आपोआप कसा जाईल. त्याच्या आईला बोलावलं, मुलाला सगळ्यांसमोर उभं केलं आणि पुन्हा पुन्हा तेच विचारलं. मी तिथे होते, बोलले, पण माझं ऐकलं गेलं नाही.

आता हे तुमच्या लेखकाने कुणाही दुरुस्ती करणाऱ्याला विचारलं असतं तरी कळलं असतं. बहुतेक ई-रीडरच्या पडद्यात वरचा थर प्लास्टिकसारखा असतो आणि त्याच्या खाली पातळ काच असते, त्या काचेवर सर्किट असतं. दप्तरात यंत्रावर जाड पुस्तकं दाबली गेली, कुणी दप्तरावर बसलं, किंवा बंद करताना एका कोपऱ्यावर जोर आला की आतली काच तडकते आणि वरचा थर जसाच्या तसा राहतो. हात फिरवला तरी काही लागत नाही. आणि ई-रीडरच्या पडद्याला, ज्याला ई-इंक म्हणतात, वीज फक्त पान बदलताना लागते, एकदा उमटलेलं चित्र विजेशिवायही टिकून राहतं, म्हणून बिघडलेल्या भागात जुनं पान तसंच अडकून बसतं. म्हणजे तो मुलगा शंभर टक्के खरं बोलत असू शकतो. यात निष्काळजीपणा कुठे आला? त्याला कडक कव्हर न देता यंत्र दिलं होतं, कारण कव्हरं मंजूरच झाली नव्हती, मी मागितली होती तरी. दप्तरात कुठे ठेवायचं हेही मुलांना कुणी शिकवलं नव्हतं, तासिका मागितली तर मिळाली नाही.

त्यानंतर हमीपत्र आलं. यंत्र घरी न्यायचं असेल तर पालकांनी सही करायची की काहीही बिघडलं तर पूर्ण किंमत भरू. कागदावर योग्य वाटतं ना? प्रत्यक्षात काय झालं तर ज्यांच्या घरी आधीच पुस्तकं आहेत, फोन आहेत, टॅब्लेट आहेत त्या पालकांनी डोळे झाकून सही केली आणि त्यांच्या मुलांना ते यंत्र नकोच होतं. आणि ज्यांच्या घरी अभ्यासाच्या पुस्तकांपलीकडे काही नाही त्यांचे फॉर्म कोरे परत आले. का येणार नाहीत? कुणी महिन्याच्या मिळकतीवर अशी जोखीम का घ्यावी? त्या सहावीतल्या मुलाच्या आईनेही सही केली नाही आणि त्याने पुन्हा कधी यंत्र मागितलं नाही, ग्रंथालयात यायचंच बंद केलं. यंत्रं कपाटात गेली, महिनोन्महिने तशीच पडली, आणि लिथियम बॅटरी पूर्ण उतरून पडून राहिली की ती पुन्हा उठेलच असं नसतं. आमची निम्म्याहून जास्त यंत्रं अशी कपाटात मेली, मुलांच्या हातात नाही. तुमच्या लेखात बंद पडलेल्या यंत्रांचा आकडा आहे पण त्यातली किती फुटली आणि किती नुसती पडून गेली हे वेगळं केलेलंच नाही.

वर्ल्डरीडर नावाच्या संस्थेने 2010 मध्ये मुलांना ई-रीडर द्यायचं काम घानामधल्या शाळांपासून सुरू केलं. तिथेही पहिल्या टप्प्यात मोडतोड अपेक्षेपेक्षा बरीच जास्त झाली, त्यांनी ती स्वतःच्या अहवालात लिहिली, आणि तरीही पुढे काम चालू ठेवलं. मोडणार हे धरून चालायचं. ग्रंथालयातली कागदी पुस्तकंही फाटतात, हरवतात, दरवर्षी आम्ही ती यादीतून कमी करतो आणि कुणी म्हणत नाही की पुस्तकं घरी देणं बंद करा. दर दहा यंत्रांमागे एखादं जादा विकत घ्या, कव्हरांचे पैसे पहिल्याच बजेटमध्ये धरा, मुद्दाम तोडलं असेल तर बघू, पण अपघाताचा खर्च योजनेने सोसायचा, मुलाने नाही. एवढंच माझं म्हणणं आहे आणि ते मी बैठकीतही सांगितलं होतं.

खऱ्या अडचणी वेगळ्याच आहेत आणि त्यांच्यावर लेखात एक ओळ नाही. ज्यावर ई-पुस्तकं घेतली जातात ते अकाउंट शाळेच्या नावाने काढायचं, कुणा शिक्षकाच्या खासगी ई-मेलवर नाही, नाहीतर तो शिक्षक गेला की पुस्तकंही गेली. यंत्रातलं ऑनलाइन पुस्तकांचं दुकान आणि ब्राउझर पासकोड लावून बंद करायचे. एका अकाउंटवर बरीच यंत्रं असली की एकाने पुस्तक पुढे नेलं की दुसऱ्याच्या यंत्रावर 'सर्वात पुढच्या पानावर जायचं का' असं विचारतं, मूल हो म्हणतं आणि गोष्टीचा शेवट आधीच समोर, ते सिंक, म्हणजे सगळ्या यंत्रांवर पान जुळवून घेणं, पहिल्याच दिवशी बंद करावं लागतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बहुतेक ई-पुस्तकं आपण विकत घेत नाही, फक्त वाचायचा परवाना घेतो. 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या '1984' या कादंबरीच्या प्रती लोकांच्या किंडल ई-रीडरवरून परस्पर काढून घेतल्या होत्या, विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून, आणि त्यात एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी काढलेल्या टिपा निरुपयोगी झाल्या, प्रकरण कोर्टात गेलं. 2011 मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने ग्रंथालयांना सांगितलं की आमचं ई-पुस्तक 26 वेळा दिलंत की परवाना संपला, नवा घ्या. शाळांनी कशावर विचार करायला हवा तर यावर, प्रताधिकार संपलेली मोफत पुस्तकं किती घ्यायची आणि परवान्याची किती घ्यायची यावर. प्रोजेक्ट गुटेनबर्ग हे ऑनलाइन ग्रंथालय 1971 पासून अशी मोफत पुस्तकं देतंय, तिथून सुरुवात केली तर निदान पहिल्या वर्षी पुस्तकांचा खर्च फार नाही.

लेखासोबतचा फोटोही चुकीचा आहे. त्यात मुलांच्या हातात रंगीत टॅब्लेट आहेत, एकाच्या पडद्यावर तर चक्क गेम दिसतोय. ज्या पालकांनी ई-रीडर कधी पाहिलेला नाही त्यांना वाटणार शाळा मुलांना गेम खेळायला यंत्रं वाटते. फोटो निवडणाऱ्याने एकदा तरी विचारायला हवं होतं.

माझी विनंती आहे की जिथे मुलांच्या निष्काळजीपणाचा उल्लेख आहे त्याबद्दल खुलासा छापा आणि आतल्या काचेचं कारण त्यात लिहा. अशा लेखांची कात्रणं बैठकांमध्ये फिरतात, आमच्याकडे कालच फिरलं, आणि आता कपाट उघडायचा विषय काढणंही मला अवघड झालंय.

आणि लिहितेच आहे तर अजून एक. रविवारच्या पुरवणीतलं मुलांच्या पुस्तकांचं पान न सांगता बंद केलंत. आमच्याकडे ते फलकावर लागायचं, मुलं त्यातली नावं लिहून घेऊन माझ्याकडे यायची. तुमच्या कार्यालयात फोन केला, ई-मेल केला, कुणी उत्तर दिलं नाही. ते पान पुन्हा सुरू होणार आहे की नाही तेवढं कृपया कळवा.

आपली नियमित वाचक,
एक शालेय ग्रंथपाल