लेहची पाखरं अंजर्ल्याला

अंजर्ले,
पौष वद्य द्वितीया

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, इथे नळाचं पाणीसुद्धा गोठलंय. चिमण्या आणि मॅगपाय सोडले तर खिडकीतून काही दिसत नाही. बाकीची पाखरं गेली कुठे?" तेवढ्यात रेंज गेली आणि उत्तर द्यायचं राहिलं. ते फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखंही नव्हतं, म्हणून पत्रच लिहायला बसले. त्यातली बरीचशी इथे आहेत गं. आपल्या पुळणीवर आहेत आणि एक तर आपल्या विहिरीवर आहे.

विहिरीवरचा तो थिरथिरा. पुस्तकात कृष्ण थिरथिरा म्हणतात. पाऊस सरला की कधीतरी येतो आणि थेट कठड्यावर बसतो. नर डोक्यापासून छातीपर्यंत काळा, खाली पोट आणि शेपटी विटकरी. मादी सगळी मातकट, पण शेपटी तिचीही विटकरीच. बसला असला तरी शेपटी थरथरत असते आणि मध्येच अंगासकट खाली झुकून परत ताठ होतो. बाबा पोफळींना पाणी सोडतात, ओल्या पाचोळ्यातून मुंग्या-कोळी बाहेर पडतात, की हा खाली उतरलाच. आजीची नजर आता अधू झाली आहे, पण ओटीवर उन्हाला बसल्या बसल्या त्याची चिक्-चिक् ऐकून ती सांगते, "आला गं तुझा." उन्हाळ्यात हाच पक्षी लडाखात दगडी भिंतींच्या फटीत घरटं करतो. तू राहतेस त्या घराच्या कुंपणाचा फोटो पाठवला होतास ना, सुक्या दगडांच्या भिंतीचा, तो पाहून माझ्या मनात पहिलं हेच आलं. मे महिन्यात त्या भिंतीकडे लक्ष ठेव.

आंब्याला मोहोर छान आला आहे. विहिरीजवळच्या रायवळावर बाबा फवारणी करत नाहीत, त्यामुळे तिथे पक्ष्यांची रोजची पंगत असते. राखी कोतवाल, पानांत सतत हलणारे बारके वटवटे आणि चार दिवसांपूर्वी पांढऱ्या लांब शेपटीचा स्वर्गीय नर्तक. कलमांकडे मात्र यातलं फारसं कोणी फिरकत नाही.

आता पुळणीचं सांगते. समुद्रावर पक्षी बघायला जायचं तर घड्याळाआधी पंचांग बघावं, हे तुला लहानपणी सांगितलं होतं, आठवतं का? तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. आज द्वितीया, म्हणजे दीडच्या सुमारास भरती आणि साडेसातच्या आसपास ओहोटी तळाला. उद्या सगळं पाऊण तासाने पुढे. पाणी पार आत गेलेलं असताना जाऊन उपयोग नसतो, पक्षी लांब पाण्याच्या कडेला असतात आणि दुर्बिणीतूनही नुसते ठिपके दिसतात. मी आठला निघते. पाणी चढायला लागलेलं असतं आणि तेच त्यांना हळूहळू आपल्याकडे आणतं. आपण फक्त सुरूच्या बनाच्या कडेला एका जागी बसून राहायचं. आपली किनारपट्टी पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे सकाळचं ऊन पाठीशी आणि पक्षी समोर उजेडात, एकेक पीस मोजून घ्यावं इतके स्पष्ट. संध्याकाळी तेच पक्षी नुसत्या काळ्या आकृत्या होतात. म्हणून मी पक्ष्यांसाठी संध्याकाळी जात नाही, तेव्हा नुसतं चालायला जाते.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा जो पट्टा उघडा पडतो, त्यावर कुरव, म्हणजे सीगल, बसतात. त्यांतले बहुतेक तपकिरी डोक्याचे. नाव असं असलं तरी या दिवसांत डोकं पांढरं असतं. फक्त डोळ्यामागे, तान्ह्या बाळाला तीट लावावी तसा काळा ठिपका. काळ्या डोक्याचा कुरवही हिवाळ्यात हुबेहूब असाच दिसतो, आणि दोघे एकाच थव्यात असले की भले भले गोंधळतात. तपकिरी डोक्याच्या मोठ्या पक्ष्याचा डोळा फिकट असतो आणि उडताना पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठसठशीत डाग दिसतात. काळ्या डोक्याच्याचा डोळा काळा आणि पंखाची पुढची कड पांढरी. एकदा हे डोळ्यात बसलं की पुन्हा चूक होत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीपासून डोकी रंगायला लागतात. कोणाचं अर्धं रंगलेलं, कोणाचं गळ्यापर्यंत चॉकलेटी. आणि मग एप्रिलमध्ये पट्टा रिकामा. जातात कुठे, तर तुझ्याकडे. त्सो कार, त्सो मोरिरी ही तलावं साडेचार हजार मीटर उंचीवर आहेत, आणि तिथल्या पाण्याकाठी हे कुरव अंडी घालतात. इथून सरळ रेषेत मोजलं तर 1800 किलोमीटर.

पण मला खरं वेड लावलं आहे ते छोट्या चिखल्याने. दिसायला काही नाही, वर मातकट, खाली पांढरा, साठ-सत्तर ग्रॅमचा जीव. मागच्या आठवड्यात मी बसले होते तिथून दहा-बारा हातांवर एक आला. चार पावलं तुरुतुरु धावायचा आणि थबकायचा. थबकला की मान किंचित तिरकी, नजर वाळूवर. वाळूत जरा हालचाल दिसली की झेप. मग एक गांडुळासारखा लाल किडा चोचीत धरला आणि ओढायला लागला. एकदम हिसका देईना. ताणायचा, थांबायचा, किड्याची पकड जरा सैल पडली की पुन्हा ताणायचा. अखेर किडा अख्खा बाहेर आला. हिसका दिला असता तर अर्धा तुटून आत राहिला असता. मी श्वास रोखून बघत होते. त्याच्या शेजारी पाण्याच्या कडेने धावणारे सँडरलिंग असतात, लाटेच्या मागे मागे पळणारे, आणि पांढऱ्या गळपट्टीचा केंटिश चिखल्याही असतो. या छोट्याला गळपट्टी नाही, तीच त्याची खूण. आपल्या किनाऱ्यावर येणारे छोटे चिखले मुख्यतः तिबेट-लडाख आणि आजूबाजूच्या उंच पठारांवरचे. मार्चमध्ये त्यांची छाती तांबूस होते, डोळ्यांवरून काळी पट्टी येते, आणि हा तोच पक्षी यावर विश्वास बसत नाही.

नोव्हेंबरात पक्षी सप्ताह होता, 5 ते 12. पक्ष्यांवर लिहिणारे मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. शाळेची मुलं पुळणीवर आली होती. त्यातल्या एका मुलीने विचारलं, "काकू, इथे एवढं खायला मिळतं तर मग घर इथेच का नाही बांधत?" किती नेमका प्रश्न! मी तिला विचारलं, पावसाळ्यात ही पुळण कुठे असते? ती म्हणाली, पाणी सुरूपर्यंत येतं. मग अंडी ठेवायची कुठे? शिवाय तिकडे उन्हाळ्याचा दिवस लांब, बर्फ वितळून दलदल झालेली आणि तिच्यावर चिलटांचे नुसते ढग. चिखल्याची पिल्लं अंड्यातून बाहेर आली की पहिल्या दिवसापासून स्वतः टिपून खातात, त्यांना तेच लागतं. पण तो सुकाळ दोन-तीन महिन्यांचाच. त्यानंतर तुझा नळ गोठतो, तशी तलावंही गोठतात.

आता जे सांगायचं त्याने माझा जीव खरोखर तुटतो. शनिवार-रविवार पुळणीवर गाड्या येतात. थेट थव्यात घालतात, पक्षी उडाले की आत बसलेले ओरडतात, फोटो काढतात. भटकी कुत्री तर रोजचीच. बघणाऱ्याला वाटतं, उडाला आणि पुढे जाऊन बसला, त्यात काय बिघडलं? बिघडतं ते असं की खाण्याची वेळ ओहोटीच्या हातात असते. मोजके तास चिखल उघडा राहतो, तेवढ्यात पोट भरायचं. वर मार्च-एप्रिलात अंगावर चरबी चढवायची, कारण 1800 किलोमीटरचा प्रवास त्याच चरबीवर व्हायचा असतो. दर उड्डाणाला त्यातली थोडी खर्च होते. सकाळभर उठवत राहिलं तर चिखल्या इथून अशक्तच निघणार, आणि अशक्त पक्षी हिमालय ओलांडून गेला तरी तिकडे घरटं काय करणार? ग्रामपंचायतीत मी अर्ज दिला आहे, गाड्या पुळणीवर उतरायची जागा बंद करा म्हणून. सरपंचांनी ऐकून घेतलं. पुढच्या ग्रामसभेत पुन्हा उभी राहणार आहे, एकदा सांगून होत नाही हे मला माहीत आहे.

आणि ही गोष्ट तुमच्याकडेही आहे. लडाखच्या तलावांकाठी भटक्या कुत्र्यांचा उपद्रव मोठा आहे. वस्तीजवळच्या उष्ट्याखरकट्यावर ती वाढतात आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं खातात. त्यातून काळ्या मानेचे क्रौंचही सुटत नाहीत. तेव्हा जूनमध्ये मैत्रिणींबरोबर त्सो कारला जाशील तेव्हा उरलेलं अन्न तिथे टाकू नका, बांधून परत आणा. आणि काठाने चालताना पायाखाली बघ. चिखल्याचं घरटं म्हणजे उघड्या जमिनीतला नुसता खळगा असतो, अंडी मातीच्याच रंगाची. एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा लंगडत तुझ्यापुढे चालायला लागला तर समज की पिल्लं जवळच आहेत. त्याच्या मागे जाऊ नकोस, आल्या वाटेने मागे फिर.

मांडव्याच्या लाँचवर लोक कुरवांना वेफर भरवतात, त्याचा व्हिडिओ तू पाठवला होतास, "किती गोड" असं लिहून. मला तो गोड वाटला नाही, बाळा. मीठ-तेलाचं ते खाणं त्यांचं नव्हे. हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो, तिथे टाकलेल्या बारीक मासळीवर कुरव आणि घारी तुटून पडतात, ते बघ, त्यात त्यांची खरी ताकद दिसते. रागावू नकोस, पण तुझ्याशी नाही बोलायचं तर कोणाशी?

बाकी क्षेम. गुडघा दुखतो, पण वाळूत चालून बरा राहतो. बाबांनी पार्सल बांधलं आहे: आगळ, कुळथाचं पीठ, फणसपोळी आणि आजीने विणलेले पायमोजे. तू दिलेली 8×42 दुर्बीण त्यात नाही, ती अजून मला लागणार आहे. एप्रिलमध्ये कुरव निघाले की ती कुरिअरने पाठवते. थिरथिरा आणि चिखल्या दिसले की तारीख लिहून ठेव, माझ्या वहीत इथून गेल्याच्या तारखा आहेत, दोन्ही शेजारी ठेवून बघू. ऑगस्टमध्ये सुट्टीवर येताना दुर्बीण आठवणीने आण, तोवर पहिले चिखले इथे परत आलेले असतात.

तुझी,
आई