दहानंतर डीजे कशाला?

मा. संपादक,

लग्नसराई आली की आमच्या रामबागेत नातवाच्या झोपेचं खोबरं होतं. दहा महिन्यांचं पोर. दिवा मालवून, पायांवर घेऊन थोपटून डोळा लागतो न लागतो तोच वरातीचा डीजे खिडकीची तावदानं थरथरवतो. मग सून आणि मी आळीपाळीनं त्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालतो. या वयात दिवसाच्या डुलक्या धरून १२ ते १६ तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. इथे कसली मिळते! रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हा नियम २००० सालचा. नाचा खुशाल, पण दहाच्या आत. पोलिसांनी मॅरेज गार्डनवाल्यांकडून बुकिंगच्या वेळीच तसं लिहून घ्यावं.

– एक आजी, रामबाग, इंदूर